रोज सव्वा सेंटिमीटर

पायातले बूट काढून ठेवा. जिथे जायचंय तिथे भाताच्या पेंढ्याच्या चपला घालतात. वाराजी म्हणतात त्यांना. घोट्याशी घट्ट बांधा, सुटली तर खाली नदी आहे. घड्याळ आणि मोबाइल घरी राहू द्या. कमरेला दोरीत ओवलेली चार नाणी घ्या. तांब्याची, मधोमध चौकोनी भोक पाडलेली, एकेक मोनची. ती कशाला लागतील ते पुढे कळेल.

आणखी एक गोष्ट बरोबर असू द्या. तुम्ही कधीतरी केलेली आणि आता दुरुस्त न होणारी. आठवली की रात्री कूस बदलावी लागते, ती. कोणती, ते कुणाला सांगायची गरज नाही. तिचं वजन खांद्यावर असलं म्हणजे झालं.

सन १७३५. जपानच्या क्यूशू बेटावर यबाकेईच्या दरीत तुम्ही उभे आहात. आजच्या ओइता प्रांतातल्या नाकात्सु शहराचा हा भाग. उजव्या हाताला खाली यामाकुनी नदी, डाव्या हाताला सरळ उठलेला कडा. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा कडा परका वाटत नाही, कारण हाही ज्वालामुखीच्या पोटातून आलेला दगड आहे. फरक पायांखाली आहे. आपल्या घाटात निदान पाऊलवाट तरी असते. इथे कड्याला अडकवलेल्या फळ्या आहेत आणि हाताला धरायला एक साखळी. या वाटेचं नावच साखळीवरून पडलंय.

साखळी गार आहे, तळहाताला गंज लागतो. तुमच्या पुढे एक घोडेवाला आहे. घोड्याच्या पाठीवर पोती आहेत आणि त्यांच्या रुंदीमुळे घोडं कड्यापासून बाहेर ढकललं जातंय. घोडेवाला त्याच्याशी अखंड बोलतो आहे, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. भाषा तुम्हाला समजते, या प्रवासात तेवढा एक लाड आहे. तो म्हणतोय, "खाली बघू नको. मी बघतोय ना, तू बघू नको."

पलीकडे पोचल्यावर तो खाली बसतो. त्याचे गुडघे हलत असतात. जवळच राकान-जी हे देवस्थान आहे, दगडात घडवलेल्या पाचशे अर्हतांचं. तिथे जाणारे यात्रेकरू याच फळ्यांवरून येतात. काही पोचतात, काही पोचत नाहीत.

तेवढ्यात कड्याच्या पायथ्याकडून आवाज येतो. टक्. मग थोडी शांतता. पुन्हा टक्.

एक भिक्षू गुडघ्यांवर बसून कातळावर छिन्नी धरतोय आणि हातोडा मारतोय. नाव झेनकाई. गाव इथलं नव्हे. तो मूळचा दूर उत्तरेकडच्या एचिगोचा. त्याच्यासमोरच्या दगडात जेमतेम हात जाईल एवढा खळगा झालाय. त्याला या कड्यातून आरपार वाट काढायची आहे.

हसू येतंय ना? येऊ द्या. जो ऐकेल त्याला तेच आलं असतं.

आता त्याच्या शेजारी बसा आणि छिन्नी हातात घ्या. पहिला घाव घसरतो. दुसरा बसतो, पण त्याचा हादरा दगडात न जाता तुमच्या कोपरात येतो. पाथरवट सांगतात, छिन्नी आवळून धरायची नसते, नुसती सांभाळायची असते. दहाव्या घावाला एक कपची उडते, नखाएवढी. ती हातात घेऊन बघा. सकाळपासूनची तुमची कमाई ती.

बोगद्याचा भाग पुढे सुमारे १४४ मीटर भरला आणि कामाला जवळजवळ तीस वर्षं लागली. भागाकार केला तर दिवसाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. तोही एकट्याच्या हाताचा नाही, कारण झेनकाई गावोगाव भिक्षा मागून पाथरवटांची मजुरी देत होता. तरी तुमच्या आजच्या दिवसाचं मोल तेवढंच धरा. बोटाच्या एका पेऱ्याहूनही कमी.

तुम्हाला त्याला विचारायचंय : बाबा, हे कशाचं प्रायश्चित्त? कुणाला मारलंस?

तो छिन्नी उचलतो. टक्.

उत्तर हवं असेल तर दुसऱ्या दारातून आत यावं लागेल. ते दार १९१९ सालात उघडतं. त्या जानेवारीत तोक्योच्या 'चुओ कोरोन' मासिकात किकुची कान या तिशीतल्या लेखकाची एक कथा छापून आली, 'ओन्शू नो कानाता नी'. नावाचा भाव असा, की उपकार आणि सूड या दोहोंच्या पलीकडे. बोगदा तोच, कडाही तोच. भिक्षूचं नाव मात्र त्याने बदललं, आणि त्या भिक्षूला एक भूतकाळ दिला.

चला त्या भूतकाळात. एदो शहर, सामुराईचं घर, रात्र. इचिकुरो नावाचा नोकर मालकाच्या रखेलीशी, ओयुमीशी, गुंतलाय. मालकाला कळतं. तो तलवार उपसतो. इचिकुरो आधी जीव वाचवायला हात उचलतो आणि मग मालकालाच ठार करतो. त्या रात्री दोघं पळतात. मालकाचा लहानगा मुलगा, जित्सुनोसुके, मागे राहतो.

पुढे किसोच्या डोंगरवाटेवर, खिंडीत, दोघांचं चहाचं दुकान. वाटसरूंना चहा पाजायचा, पैसेवाला दिसला की पुढे जाऊन गाठायचा. एके दिवशी इचिकुरो एका तरुण जोडप्याला मारून त्यांचे कपडे आणि पैसे घेऊन येतो. ओयुमी विचारते, बाईच्या केसांतले दागिने कुठे? ते राहिले म्हणताच ती त्याच्यावर खेकसते आणि स्वतः अंधारात धावत सुटते, प्रेताच्या डोक्यावरून ते काढून आणायला. तुम्ही दारात उभे आहात. इचिकुरो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतोय. खून करताना जे दिसलं नव्हतं, ते त्याला आता तिच्यात दिसतंय. त्याच रात्री तो पळतो. या वेळी स्वतःपासून.

मराठी माणसाला इथे वाल्या कोळी आठवल्याशिवाय राहत नाही. तोही वाटमाऱ्या. एका जिवामागे एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरलेले. पापात वाटेकरी होता का, म्हणून बायकोमुलांना विचारलं आणि सगळ्यांनी हात झटकले. पण वाल्या एका जागी बसला, अंगावर वारूळ चढेपर्यंत. इचिकुरोची वाट उलटी आहे. तो एका मठात जातो आणि म्हणतो, मला सरकारच्या हवाली व्हायचंय. मठाधिपती त्याला अडवतात. शिक्षा घेऊन सुटशील, त्यापेक्षा हा जीव लोकांसाठी झिजव, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ. इचिकुरोचा ऱ्योकाई नावाचा भिक्षू होतो. तो देश पालथा घालतो, आजारी वाटसरूंची सेवा करतो, मोडके पूल बांधतो, आणि त्याचं मन भरत नाही. एवढ्याशा कामांनी ते रांजण कसे रिकामे व्हायचे?

मग तो या साखळीपाशी येतो. नुकताच पडून मेलेला घोडेवाला बघतो. वर्षाला दहापर्यंत माणसं इथून पडतात असं कळतं आणि तो हिशोब मांडतो : दहा वर्षांत शंभर जीव, शंभर वर्षांत हजार. खुन्याला शेवटी हवं तेवढं मोठं माप सापडलं. वाल्याने खडे भरले, हा खडे काढायला बसला.

आता थोडं सांभाळून चाला, बोगद्यात अंधार आहे. कथेतली बरीच वर्षं उलटली आहेत. ऱ्योकाईची नजर गेल्यात जमा आहे, पाय धड उभं राहू देत नाहीत. गावकरी आधी हसले, मग मदतीला आले, मग कंटाळून निघून गेले, मग परत आले. आणि मालकाचा मुलगा, जित्सुनोसुके, आता मोठा होऊन बापाचा सूड घ्यायला आलाय. त्या काळी सामुराईच्या मुलाला हा रागाचा प्रश्न नव्हता, कर्तव्याचा होता. सूड घेतल्याखेरीज घराण्याचं नाव परत मिळत नसे. पाथरवट हातापाया पडतात, काम संपेपर्यंत थांबा म्हणतात. ऱ्योकाई स्वतः मान पुढे करतो. जित्सुनोसुके थांबायला कबूल होतो, पण मनातून नाही.

मध्यरात्र आहे. तुम्ही त्याच्या मागे सरपटताय. त्याने तलवारीच्या मुठीवर हात ठेवलाय. पुढून आवाज येतो. टक्. टक्. सगळे झोपलेत आणि म्हातारा एकटाच दगड फोडतोय, तोंडाने सूत्र पुटपुटतोय. जित्सुनोसुकेचा श्वास तुम्हाला ऐकू येतो. तो बराच वेळ तसाच बसून राहतो. मग मागे सरकतो. त्यानंतर लवकरच तो स्वतः हातोडा उचलतो. कारण सरळ आहे : बोगदा लवकर संपला तर सूडही लवकर घेता येईल. पुढे वर्ष-दीड वर्ष बापाचा मारेकरी आणि मुलगा एकाच दगडावर शेजारी बसून घाव घालतात.

एका रात्री हातोडा रिकाम्या जागेत जातो. भोकातून चांदणं आणि खाली नदी. ऱ्योकाई म्हणतो, आता मारा. जित्सुनोसुके म्हाताऱ्याचे हात धरून रडतो.

पुस्तक मिटा. मूळ दाराने बाहेर या.

इतिहासातल्या झेनकाईच्या नावावर खुनाची नोंद नाही. साखळीवरून माणसं आणि जनावरं पडतात हे त्याने पाहिलं आणि कामाला लागला, एवढंच इथले लोक सांगत आले. खून किकुचीने दिला. आणि गंमत अशी, की जपानभर भिक्षूची ओळख त्या खुनासकटच झाली. असं का झालं असेल? मला वाटतं, देणं लागत नसताना कुणी परक्यांसाठी तीस वर्षं दगड फोडेल, यावर आपला विश्वास बसत नाही. एवढं फेडतोय म्हणजे मागे तेवढंच मोठं काहीतरी असणार, असं आपण धरून चालतो. हे झेनकाईबद्दल काही सांगत नाही. आपल्याबद्दल सांगतं.

आता कमरेची नाणी काढा. सन १७६४. काम पुरं झालंय. तोंडाशी माणूस बसलाय : माणसाला चार मोन, बैल-घोड्याला आठ. हा जपानमधला सर्वांत जुना टोलचा रस्ता मानला जातो. पहिला टप्पा १७५० मध्ये उघडला तेव्हापासूनच वसुली सुरू झाली आणि तो पैसा पुढच्या खोदकामात गेला. टोलनाक्यावर कुरकुरायची आपली सवय इथेही उफाळून येईल. त्याग म्हटला की त्यात पैशाचा वास नको, असं आपल्याला वाटतं. झेनकाईला तसं वाटत नव्हतं. पाथरवटांना जेवायला लागत होतं, छिन्न्यांना धार लावायला लागत होती. ज्याला खरोखर दुसऱ्यासाठी काही उभं करायचंय, त्याला हिशोब ठेवावाच लागतो. फक्त स्वतःच्या मनाची शांती हवी असलेला माणूस हिशोब टाळतो.

चार मोन द्या आणि आत चला. तुमच्या पुढे घोडेवाला आहे. या वेळी तो घोड्याशी बोलत नाहीये. गाणं गुणगुणतोय, तेही बेसूर. त्याला झेनकाईचं नावही ठाऊक नसेल. ज्याचं पाऊल सुरक्षित पडतंय त्याने रस्ता कुणी खोदला हे विचारायची गरज नाही, आणि खोदणाऱ्याच्या हाताला कधीकाळी रक्त लागलं होतं का हेही नाही.

खांद्यावरची ती गोष्ट अजून तिथेच आहे ना? असणारच. कथेतल्या जित्सुनोसुकेचा बाप काही बोगदा आरपार झाला म्हणून परत आला नाही. ज्याचं आपण नुकसान केलं त्याच्यापर्यंत बहुतेक वेळा हात पोचत नाही, म्हणून माणूस जवळच्या परक्याला काहीतरी देतो. ही फेड नव्हे. पावती चुकीच्या नावावर फाटते, हे देणाऱ्यालाही माहीत असतं. आणि ज्याच्या दारापर्यंत हात पोचतो, त्याच्या दारी आधी जायला हवं. बोगदा ही त्याच्यानंतरची गोष्ट.

परत आपल्या काळात या. १८९४ मध्ये नाकात्सुचे सुपुत्र फुकुझावा युकिची यांनी वरच्या कड्याची जमीन विकत घेतली, देखावा कुणी तोडू नये म्हणून. १९०६-०७ मध्ये लष्कराने बोगदा रुंद केला आणि झेनकाईचं बरंचसं काम त्यात गेलं. आज तिथून मोटारी जातात. 'आओ नो दोमोन' नावाच्या त्या जागेवर जुन्या बोगद्याचा थोडा भाग उरलाय, उजेडासाठी नदीकडे कोरलेल्या खिडकीसकट. भिंतीवर हात फिरवला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात, एकेक वेगळा.

आता तिथे टोल द्यावा लागत नाही.