चांद्याच्या रानात दुर्बिणीचं काम काय?

चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, रानात लांबचं दिसतच नाही. साग, ऐन, धावडा, मोह, आणि त्यांच्या मधल्या जागेत बांबूच्या रांज्या. पावसाळा सरता सरता तर वीस पावलांवरचा गवाही फांदी मोडल्याच्या आवाजावरूनच कळायचा. रायफलीवर दुर्बीण कोणती लावावी, किती पटीची घ्यावी, यावर इंग्रजी शिकारी पुस्तकं पानंच्या पानं भरतात. इथल्या जुन्या शिकाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. त्यांची सगळी अडचण उजेडाची होती.

मी मूल गावचा. आमचे आबाजी साहेबलोकांसाठी मचाण बांधत. उत्तर चांदा आणि दक्षिण चांदा असे वनखात्याचे दोन विभाग होते, आणि त्यांतल्या जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले. परवाना काढून साहेब यायचा, तंबू ठोकायचा आणि पाटलाकडून हेला, म्हणजे रेडा, मागवायचा. हेल्याला नाल्याच्या काठी बांधायचं. वाघाने तो मारला की त्या गाऱ्यापासून वीसेक पावलांवरच्या झाडात खाट बांधायची, तीही कुऱ्हाडीचा आवाज होऊ न देता. भोवती त्याच झाडाच्या डहाळ्या लावायच्या, कारण दुसऱ्या झाडाची पानं दुपारी कोमेजली की वाघाला लगेच ओळखू येतात. डहाळ्यांत नळीपुरती फट ठेवायची. नळीचं तोंड मात्र बाहेर दिसता कामा नये.

एवढं सगळं झालं की साहेब दुपारी तीनला वर चढून बसे आणि वाघ येई दिवस बुडाल्यावर. खरी पंचाईत तिथे सुरू होई. पिवळ्या अंगाचा वाघ संधिप्रकाशात अंदाजाने तरी दिसतो, पण नळीच्या टोकावरची ज्वारीच्या दाण्याएवढी माशी काळ्या खाचेत बुडून जाते. आबाजींचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "वाघ दिसते, पन माशी नाई दिसत."

यावर उपाय निघाले ते सगळे माशीवरच. विलायती कारखाने तिच्या टोकाला हस्तिदंताचा मणी बसवू लागले. काही रायफलींवर रात्रीसाठी दुसरा मोठा पांढरा मणी असे, एरवी मिटलेला, हवा तेव्हा बोटाने उभा करायचा. ज्याच्याकडे तेही नाही तो मेणाने कापसाचं बोंड चिकटवी. पुढे बॅटरी आली तेव्हा नळीखाली तिचं नळकांडं आवळून बांधायची पद्धत पडली. दुर्बिणीचं नाव या यादीत शोधूनही सापडत नाही.

ती न येण्याची कारणं बंदुकीच्या जातीतही होती. मध्य प्रांताच्या जंगलांवर १८७१चं गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने त्याआधी, १८६३मध्ये, शिकारी रायफलींवरही एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा कौल जाड नळीच्या, जवळून जबर तडाखा देणाऱ्या बंदुकीला होता. १८९८ला रिग्बीने नव्या धूरहीन दारूची .४५० दुनळी काढली आणि गवा-वाघावाले तिच्यावर तुटून पडले. मग १९०७च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५०ची काडतुसंच बंद केली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी त्याच मापाची, ती बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून. कारखानदारही वस्ताद. त्यांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी मापं पुढे केली. बंगल्यांच्या भिंतींवर टांगलेल्या मुंडक्यांमागे अशी मापं आहेत आणि त्या मापांमागे साम्राज्याची धास्ती.

अशी दुनळी पाच किलोच्या आसपास भरते आणि खांद्याला खेचरासारखी लाथ मारते. डोळ्यापासून तीन इंचांवर दुर्बिणीची पितळी कड असली तर पहिल्याच बाराला भुवई फुटायची. शिवाय जखमी वाघ अंगावर आला तर नळीवरून नजर धावते, दुर्बिणीत आधी त्याला शोधावं लागतं. आणि आपला पावसाळा! जुन्या दुर्बिणींत दमट हवा शिरून काचेवर आतून वाफ धरे, मग बुरशी. आत नायट्रोजन भरून त्या बंद करायची युक्ती अमेरिकेत रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

गंमत अशी की उजेडाचं दुखणं दुर्बिणीने खरोखर बरं केलं असतं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढा रुंद झोत डोळ्यापर्यंत पोचतो. ४ पट आणि ३२ मिलिमीटर भिंग, म्हणजे ८ मिलिमीटर. तरण्या माणसाची बाहुली अंधारात फार तर ७ मिलिमीटर उघडते, उतारवयात ५. म्हणजे डोळा घेईल त्याहून जास्तच मिळतं, आणि माशी-खाच जुळवायची कटकटच नाही, कारण खूण काचेतच असते. तेच १० पट आणि ४० मिलिमीटर घ्या: झोत ४ मिलिमीटरचा, हात जरा हलला की सगळं रान हलणार, आणि वीस पावलांवर दिसणार वाघाचे चार पट्टे. तरी दुकानात गेलेला माणूस पटच विचारतो. आबाजींना विचारलं असतं तर त्यांनी भिंगाची रुंदी पाहायला सांगितली असती.

वीव्हरने १९३०मध्ये अमेरिकेत सर्वसामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी दुर्बीण काढली. ती घेऊन येणारे पाहुणे मध्य भारतात स्वातंत्र्यानंतर वाढले, डॉलर मोजून. त्यांची सरबराई करणारी ऑल्विन कूपर ही कंपनी नागपूरची. तिच्यामागे होते विद्याचरण शुक्ल, पुढे आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री झालेले. पण तोवर रान आटत आलं होतं. ताडोबात शिकार १९३५लाच बंद झाली होती, १९५५ला तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. १९७०ला वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ला वन्यजीव कायदा. चांगली दुर्बीण आली आणि शिकार गेली, असा हा हिशेब.

गावकऱ्याच्या हाती या सगळ्या काळात भरमार होती. तोंडातून दारू ठासायची, वर चिंध्या, वर शिसं. तिच्यावर माशी असली तरी नावाला. गडचिरोलीकडे पोलिसांच्या आवाहनावरून लोक त्या आता ठाण्यात जमा करतात.

परवान्याची बंदूक पूर्ण गेली असंही नाही. पीक खाणारी रानडुकरं आणि रोही मारायची मुभा राज्याने २०१५ला दिली, आणि २०१६च्या जूनमध्ये चंद्रपुरातल्या डुकरांवरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या केंद्रातल्या दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली. ज्याचं धान डुकरांनी एका रात्रीत लोळवलं त्याला त्या भांडणात कोणी विचारलं नाही.

आज या दोन जिल्ह्यांत वाघावर नेम धरला जातो तो बेशुद्धीच्या सुईचा. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरीकडे १३ माणसं मारणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२मध्ये असाच बेशुद्ध करून पकडला. डार्टची बंदूक वायूच्या दाबावर चालते. सुई गोळीच्या मानाने फार संथ जाते, वाटेत खाली झुकते, बांबूची काडी लागली तरी भरकटते. म्हणून आधी अंतर मोजायचं, त्याप्रमाणे दाब लावायचा आणि मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसात मारायची. पोटात गेली तर वाघ हकनाक मरायचा. या बंदुकीवर दुर्बीण असते, पण कमी पटीचीच. अंतर वीस ते तीस मीटर, आणि वाघ अजूनही दिवस बुडतानाच येतो.