तंत्वार्बुदे, गर्भाशयातील : वांशिक तफावत व तिची रेणवीय कारणे

गर्भाशयाच्या भिंतीतील अरेखित स्नायूंपासून वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी. रोजच्या बोलण्यात ‘गर्भाशयातील गाठी’ किंवा ‘फायब्रॉइड’. कापलेली गाठ पांढरट व रबरासारखी चिवट असते. छेदात तंतूंचे पुंजके भोवऱ्यासारखे गुंतलेले दिसतात. भोवतालच्या स्नायूपासून ती बहुधा सोलून वेगळी करता येते. प्रत्येक गाठ एकाच मूळ पेशीपासून निघते. लक्षणे : पाळीत अतिरक्तस्राव, त्यातून रक्तक्षय, ओटीपोटात जडपणा, काहींना गर्भधारणेत अडचण.

व्याप्ती : वॉशिंग्टन येथील ३५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांच्या सोनोग्राफीवर आधारित अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीपर्यंत गाठी होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत ८० टक्क्यांहून अधिक, तर गोऱ्या स्त्रियांत सुमारे ७० टक्के निघाले. खरी तफावत आहे ती वयात व तीव्रतेत : कृष्णवर्णीय स्त्रियांत गाठी लवकर होतात, संख्येने अधिक व आकाराने मोठ्या असतात आणि त्यांपायी गर्भाशय काढण्याची वेळ अधिक वेळा येते. २००८ मध्ये ७२ स्त्रियांतील २६२ गाठींची एमआरआयने केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. वयाबरोबर गोऱ्या स्त्रियांतील गाठींची वाढ मंदावली, कृष्णवर्णीय स्त्रियांत मंदावली नाही. एकाच गर्भाशयात एक गाठ फुगत असता दुसरी आकसत असल्याचेही दिसले. या अभ्यासांत ‘वंश’ म्हणजे बहुधा स्त्रीने स्वतः सांगितलेली ओळख होय.

जनुकीय बदल : हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११ मध्ये २२५ गाठी तपासल्या; सुमारे ७० टक्के गाठींत क्ष गुणसूत्रावरील मेड-१२ या जनुकात उत्परिवर्तन सापडले. या जनुकाचे प्रथिन इतर जनुकांचे कार्य चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. दक्षिण आफ्रिकेतील नमुन्यांत हेच उत्परिवर्तन सुमारे निम्म्या गाठींत होते. तेव्हा वांशिक तफावतीचे मूळ या उत्परिवर्तनाच्या आधिक्यात नसावे. आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या संपूर्ण जनुकसंच-पाहणीत (२०१७) २२ व्या गुणसूत्रावरील एका जनुकाकडे निर्देश झाला. जपानी स्त्रियांच्या पाहणीत (२०११) गाठींशी निगडित तीन जनुकीय स्थाने मिळाली होती.

संप्रेरके : गाठी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनवर पोसतात. ॲरोमॅटेज या विकरामुळे गाठीतच इस्ट्रोजेन तयार होते. २००९ च्या एका अभ्यासात निरोगी स्नायूच्या तुलनेत गाठीतील ॲरोमॅटेज जनुकाची अभिव्यक्ती आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांत ८३ पट, गोऱ्या स्त्रियांत ३८ पट व जपानी स्त्रियांत ३३ पट आढळली. इस्ट्रोजेनच्या विघटनाशी संबंधित ‘कॉमट’ या विकराच्या अधिक क्रियाशील रूपाचा गाठींशी संबंध २००६ मध्ये मांडला गेला. पुढील सर्व अभ्यासांनी त्यास दुजोरा दिलेला नाही.

ड जीवनसत्त्व : गडद त्वचेतील मेलॅनिनमुळे सूर्यप्रकाशापासून हे जीवनसत्त्व कमी तयार होते. वॉशिंग्टनच्याच स्त्रियांच्या २०१३ मधील विश्लेषणात रक्तातील पातळी पुरेशी (दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमहून अधिक) असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सुमारे १० टक्के, तर गोऱ्या स्त्रिया ५० टक्के होत्या. पुरेशी पातळी असणाऱ्यांत गाठींची शक्यता ३२ टक्क्यांनी कमी दिसली, आणि हा संबंध दोन्ही गटांत सारखाच होता. प्रयोगशाळेत ड जीवनसत्त्वाने गाठींच्या पेशींची वाढ रोखली. ते दिल्यावर, अशा गाठी आपोआप होणाऱ्या ईकर वाणाच्या उंदरांत गाठी लहान झाल्या. डेट्रॉइट येथे १,६९३ तरुण आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांची सोनोग्राफी ठरावीक अंतराने केली गेली. तेथे पुरेशी पातळी असणाऱ्यांत गाठींची वाढ सुमारे १० टक्क्यांनी मंद आढळली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने तफावत मिटेल, असा अर्थ यातून निघत नाही.

पेशीबाह्य द्रव्य : गाठीच्या कठीणपणाचे मुख्य कारण म्हणजे साचलेले कोलॅजेन. त्याच्या निर्मितीला टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटक चालना देतो, तर ड जीवनसत्त्व ही चालना काही अंशी रोखते. व्रणाच्या जागी अतिरिक्त तंतू साचून होणाऱ्या कीलॉइडशी या प्रक्रियेची तुलना केली जाते. कीलॉइडही कृष्णवर्णीयांत अधिक आढळते. गाठींतील काही सूक्ष्म-आरएनएंची (जनुकांचे कार्य नियंत्रित करणाऱ्या लहान रेणूंची) पातळीही वंशगटांनुसार भिन्न आढळली आहे.

सामाजिक घटक : वांशिक भेदभावाचा ताण, केस सरळ करणारी रसायने व उपचारास होणारा विलंब यांचाही विचार झाला आहे.

उपचार : वंशानुसार वेगळे उपचार नाहीत.