साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर

फ्रँकफर्टला आल्यावर पहिलं भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. दोन खोल्या ठीकठाक, बाथरूम झकास. स्वयंपाकघराचं दार उघडलं तर आत काहीच नाही! ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही. भिंतीतून बाहेर आलेली नळाची दोन तोंडं आणि एक जाडजूड वायर, बस्स. मला वाटलं इथे चोरी झाली आहे. नंतर कळलं की जर्मनीत भाड्याचं घर बरेचदा असंच मिळतं. घर सोडताना भाडेकरू ओट्यापासून कपाटांपर्यंत सगळं काढून नेतो, नाहीतर नव्या भाडेकरूला विकतो.

गंमत म्हणजे आज आपल्याकडे ज्याला 'मॉड्युलर किचन' म्हणतात, त्याची पणजी याच शहरात जन्मली. 'फ्रँकफर्ट किचन' हे तिचं नाव. आई इथे आली होती तेव्हा तिला ते दाखवायला घेऊन गेलो. ते बघून ती जे एक वाक्य बोलली, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

आधी थोडा इतिहास. पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रियाची अन्नान्नदशा झाली. १९१६-१७ चा हिवाळा जर्मन लोक आजही 'सलगमांचा हिवाळा' म्हणून ओळखतात, कारण बटाट्याचं पीक बुडालं आणि गुरांना घालायचे ते कंद माणसांनी खाल्ले. युद्ध संपल्यावर व्हिएन्नाच्या वेशीबाहेर लोकांनी मिळेल त्या जमिनीवर भाजीचे वाफे काढले, झोपड्या बांधल्या. या वसाहतींना नीट आकार देण्याच्या कामात आडोल्फ लोस हा नामवंत वास्तुविशारद होता. त्याचं म्हणणं असं, की अशा घराचा आराखडा बागेपासून सुरू करायचा, घर नंतर. याच कामात एक तरुण मुलगी होती, मार्गारेटे लिहोत्स्की. जन्म १८९७, व्हिएन्ना. वास्तुकला शिकलेल्या ऑस्ट्रियातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक.

इकडे फ्रँकफर्टमध्येही घरांची भयंकर टंचाई होती. १९२५ मध्ये एर्न्स्ट माय याच्याकडे शहराच्या बांधकामाची सूत्रं आली आणि पुढच्या पाच वर्षांत त्याने हजारो घरं उभी केली. १९२६ मध्ये त्याने लिहोत्स्कीला बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघर तिच्याकडे सोपवलं. (पुढच्या वर्षी लग्न झाल्यावर ती शुट्टे-लिहोत्स्की झाली.) बागांसाठी होता लेबेरेख्ट मिग्गे. या गृहस्थाने १९१८ मध्येच एक पुस्तिका लिहून प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरती भाजी-फळं आपणच पिकवावीत असा आग्रह धरला होता. घरातला कचरा, राख, इतकंच काय मैलासुद्धा खत होऊन बागेत परत गेला पाहिजे, असं त्याचं मत. त्यासाठी त्याने कोरड्या संडासाचा पुरस्कारही केला.

या मंडळींच्या कामाचा उत्तम नमुना म्हणजे निड्डा नदीकाठची 'र्‍योमरश्टाट' ही वसाहत. १९२७-२८ मध्ये बांधलेली, सुमारे १२०० घरांची. घरामागे लांबट पट्टीसारखी बाग आणि वसाहतीच्या कडेच्या भिंतीखाली, नदीच्या बाजूला, आणखी भाजीचे तुकडे. त्या काळात इथल्या घरांत विजेच्या शेगड्या होत्या! यातलं एक घर आता संग्रहालय आहे. स्वयंपाकघरही मूळचं, आणि मागची बागही जुन्या पद्धतीने पुन्हा लावलेली. यू-बानने गेलात तर स्टेशनपासून चालत थोडंसंच.

आता त्या स्वयंपाकघराबद्दल. माझ्यातल्या इंजिनिअरला ते बघून भरून आलं. रुंदी १.९ मीटर, लांबी साधारण ३.४ मीटर. म्हणजे सहा फूट बाय अकरा फूट! अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी टेलरचं कारखान्यातलं शास्त्र घरकामाला लावून १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. लिहोत्स्कीने ते वाचलं आणि हातात स्टॉपवॉच घेऊन कामं मोजली. दुसरा नमुना होता रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर. तिथे एवढ्याशा जागेत गाडीभर लोकांचं जेवण होतं, मग एका कुटुंबाचं का नाही?

खिडकीखाली भाजी चिरायचं फळकूट, त्यालाच सालं ढकलायची खाच आणि खाली कचऱ्याचा खण. बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल. भिंतीला दुमडून ठेवलेला इस्त्रीचा फळा. साखर, तांदूळ, डाळी यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे खण, चोच असलेले, सरळ पातेल्यात ओतायचे. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्याने पिठात किडे होत नाहीत असा समज. रंग निळसर हिरवा, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत म्हणे. बाजूच्या खोलीत जायला सरकतं दार, म्हणजे काम करताना मुलांवर लक्ष राहतं. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली.

हेतूही उदात्त होता. बायका कामावर जायला लागल्या होत्या. बाहेर आठ तास राबून पुन्हा घरी येऊन राबायचं, तर निदान पावलं तरी वाचावीत, उरलेला वेळ तिचा तिला मिळावा.

मी आईला हे सगळं उत्साहाने सांगत होतो. तिने दोन-तीन खण ओढून बघितले. पिठाच्या खणाचं कौतुक केलं. मग म्हणाली, "छान आहे रे. पण सगळं एकटीनंच करायचं का?"

मी गप्पच झालो. कारण खरंच, त्या जागेत दुसरं माणूस उभं राहिलं की पहिल्याला हलता येत नाही. घरात कामाला बाई असेल तर म्हणून लिहोत्स्कीने मोठे नमुनेही काढले होते, पण बहुतेक घरांत बसला तो हाच, एकटीचा. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या स्त्रीवादी बायकांनी हीच तक्रार केली, की या खोलीने बाईची पावलं वाचवली पण तिला एकटं पाडलं. आईने यातलं काही वाचलेलं नव्हतं.

मागच्या बागेत मात्र ती रमली. आमच्या आजोळी, चिपळूणजवळ, मोरीचं पाणी पाटाने परसात जायचं. त्या पाण्यावर अळू आणि केळी. राख भांड्यांना, उरली तर झाडांना. मिग्गेने पुस्तिका लिहून जे सांगितलं ते आमच्या आजीने कोणाला न सांगता केलं होतं. हे मी बोलून दाखवलं तर आई म्हणाली, "उगाच गोडवे गाऊ नकोस. तुझी आजी जन्मभर चुलीच्या धुरात खोकली. मला उभ्याचा ओटा मिळाला तेव्हा कंबर सुटली माझी. या बाईनं केलं ते चांगलंच केलं, फक्त आणखी एका माणसाची जागा ठेवायला हवी होती."

या बाईंचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९३० मध्ये माय आणि त्याचे सहकारी सोव्हिएत रशियात शहरं बांधायला गेले, त्यात त्या होत्या. तिथून पुढे इस्तंबूल. हिटलरविरुद्धच्या गुप्त कामासाठी १९४० च्या शेवटी त्या व्हिएन्नाला परतल्या आणि महिन्याभरात पकडल्या गेल्या. १५ वर्षांची शिक्षा झाली, युद्ध संपलं तेव्हा १९४५ मध्ये सुटल्या. आणि एवढं करूनही लोक विचारायचे ते स्वयंपाकघराबद्दलच! खुद्द त्या सांगत, की ते आखलं तोवर त्यांनी कधी घर सांभाळलंच नव्हतं, स्वयंपाक आई करायची. जानेवारी २००० मध्ये, १०३ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना त्या गेल्या. नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये त्यांची बहुतेक स्वयंपाकघरं उखडली गेली. काही वाचली ती आता न्यूयॉर्क, लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

असो. परतताना गाडीत मी माझा हिशेब करत होतो. आमचं स्वयंपाकघरही असंच चिंचोळं. "दोघं मावत नाही गं," असं म्हणून मी सात वर्षं बाहेर सोफ्यावर बसून होतो. बायको आत एकटी. आर्किटेक्टने दिलेली सबब मी पुरेपूर वापरली होती.

त्याच शनिवारी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून काढून तळघरात ठेवलं आणि दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला एक दुमडता फळा ठोकला. दोन फूट लांब. कांदा-भाजी चिरणं आणि कणीक मळणं आता तिथे, माझ्याकडे. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे, हिवाळ्यात तिला थंडी लागू नये म्हणून जपणं हेही माझंच खातं.

तुमच्यापैकी कोणी पुण्या-नाशकात नवा फ्लॅट घेऊन मॉड्युलर किचन करून घेत असाल, तर ट्रॉल्या किती आणि ग्रॅनाइट कुठला हे ठरवण्याआधी तिथे एका वेळी कितीजण उभे राहणार ते ठरवा. आणि बाल्कनीला नळ काढून घ्या. आईने फोनवर हे दोन्ही मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.