मान्झोनीचे पंचवीस वाचक

अलेस्सान्द्रो मान्झोनी या इटालियन लेखकाने आपल्या एकुलत्या एका कादंबरीत स्वतःच्या वाचकांची संख्या पंचवीस अशी सांगितली आहे. अर्थात ती थट्टा होती. ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे वाङ्निश्चय झालेले वधूवर, ही तीन खंडांची कादंबरी १८२७ साली मिलानमध्ये पूर्ण प्रसिद्ध झाली आणि तिच्या प्रती इटलीभर हातोहात गेल्या. मात्र त्यांतल्या पुष्कळशा प्रतींशी लेखकाचा काडीचाही संबंध नव्हता. त्या काळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. मिलानवर ऑस्ट्रियाचे राज्य, नेपल्समध्ये बुर्बों घराणे, रोममध्ये पोपमहोदयांची सत्ता. एका राज्यात निघालेले पुस्तक दुसऱ्या राज्यातला मुद्रक राजरोस छापी आणि लेखकाच्या हाती एक पैही पडत नसे.

मान्झोनीचा जन्म १७८५ सालचा. न्यायदानातील छळाविरुद्ध आणि देहदंडाविरुद्ध १७६४ साली ग्रंथ लिहिणारा चेझारे बेक्कारिया हा त्याच्या आईचा पिता. तरुणपणी मान्झोनी धर्मापासून दूर गेला होता. पत्नी एन्रिकेत्ता ब्लोंदेल ही कॅल्व्हिनपंथी घराण्यातली. तिने १८१० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्याच सुमारास तोही ख्रिस्तसभेत परतला. परंतु परतलेल्या माणसाचा भाबडा उत्साह त्याच्या लेखनात नाही. कादंबरीतील कथा १६२८ ते १६३० या काळातली. कोमो सरोवराकाठचे रेंझो आणि लुचिया हे गरीब जोडपे. गावच्या मुजोर सरदाराची नजर लुचियावर पडते आणि त्याच्या गुंडांनी दम भरताच धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू डॉन अबोंदिओ त्यांचे लग्न लावायचे टाळतात. हा भेकड धर्मगुरू आणि निर्भय कपुचिन संन्यासी क्रिस्तोफोरो यांना मान्झोनीने एकाच कथेत शेजारी शेजारी उभे केले. ख्रिस्तसभेवर प्रेम करणाऱ्या लेखकाने तिच्या सेवकांचे दुबळेपण लपवले पाहिजे, असे त्याला वाटले नाही.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातली खरी झुंज भाषेची होती. घरात तो मिलानची बोली बोले, फ्रेंचही सहज लिही. इटालियन त्याला प्रामुख्याने पुस्तकांतून लाभलेली. वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलून कागदावर प्रमाण मराठी उतरवणाऱ्या आपल्या लेखकांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. जेवणाच्या पंगतीतला, भांडणातला, लाडातला शब्द एक आणि छापायचा शब्द दुसरा! मान्झोनीला हे अंतर सलत होते. १८२७ साली तो कुटुंबासह फ्लॉरेन्सला गेला. तिथल्या सुशिक्षित लोकांची जिवंत बोली हीच सर्व इटलीची भाषा व्हावी, असे त्याचे मत बनले. आर्नो नदीत कपडे खळबळून घेणे, असे या खटाटोपाचे वर्णन त्याने केले. त्यानंतर सबंध कादंबरी त्याने वाक्यावाक्याने पुन्हा लिहिली. एमिलिया लुती ही फ्लॉरेन्सची शिक्षिका त्याच्या शंकांचे निरसन करी. कीर्ती मिळालेले पुस्तक असे वर्षानुवर्षे पुन्हा नांगरणारे लेखक किती निघतील? या आग्रहाची दुसरी बाजूही आहे. एका शहराची बोली सर्वांवर लादून भाषा घडत नाही, असा आक्षेप भाषाशास्त्रज्ञ अस्कोली याने १८७३ साली घेतला आणि तो मला रास्त वाटतो. तरीही एकीकरणाच्या वेळी, १८६१ साली, ज्या देशात सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते, तिथल्या शाळांतून पुढे हेच पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

सुधारलेली आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात भागाभागाने निघाली. चोरट्या मुद्रकांना सहजी नक्कल करता येऊ नये म्हणून मान्झोनीने ती गोनिन या चित्रकाराकडून सचित्र करवून घेतली आणि खर्च स्वतःच्या शिरावर घेतला. हिशेब साफ चुकला; प्रती पडून राहिल्या आणि त्याला जबर तोटा सोसावा लागला. पुढे फ्लॉरेन्सच्या ल मोन्निये या प्रकाशकाने १८४५ साली जुनीच आवृत्ती परस्पर छापली. त्यावरून झालेला खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर निकाल लेखकाच्या बाजूने लागला.

या आवृत्तीला त्याने एक जोडपुस्तक जोडले, ‘कलंकस्तंभाचा इतिहास’. १६३० साली मिलानमध्ये प्लेग पसरला. भिंतींना विषारी मलम फासून कोणी रोग पसरवतो आहे, अशी आवई उठली. आरोग्य खात्यातला पियात्सा हा कर्मचारी भिंतीला लागून चालताना एका बाईने खिडकीतून पाहिला. छळ झाला, अभयाचे आमिष दाखवले गेले आणि त्याने मोरा नावाच्या न्हाव्याचे नाव घेतले. दोघांना हालहाल करून मारण्यात आले. मोराचे घर पाडून त्या जागी जो स्तंभ उभारला गेला, तो १७७८ साली हटवला गेला. त्या काळचे कायदेच तसे होते, छळ रूढच होता, असे म्हणून हात झटकता आले असते. मान्झोनीने तसे केले नाही. त्याच कायद्यांच्या चौकटीत त्या न्यायाधीशांना निरपराध माणूस ओळखता आला असता, हे त्याने कागदपत्रांवरून दाखवले. भीतीपोटी आणि जमावाच्या रोषापोटी त्यांनी आपलेच नियम मोडले होते.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा इस्पितळात नेलेल्या रोग्याला मारून टाकतात, अशी कंडी पिकली आणि गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. वांद्रे परिसरातील गल्ल्यांत आजही उभे असलेले कित्येक क्रूस त्याच साथीच्या काळातले आहेत.

मूळ कादंबरीत डॉन फेर्रान्ते नावाचे एक विद्वान गृहस्थ आहेत. घरात सुमारे तीनशे ग्रंथ. ज्योतिष, तत्त्वज्ञान, जादूटोणा, सर्व काही वाचलेले. प्लेग येतो तेव्हा ते अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे सिद्ध करतात की, सृष्टीत द्रव्य आणि गुण या दोनच गोष्टी आहेत. रोगाचा संसर्ग या दोहोंतही बसत नाही. तस्मात् संसर्ग नाहीच. ते कसलीही काळजी घेत नाहीत, आजारी पडतात आणि ग्रहताऱ्यांना दोष देत प्राण सोडतात. त्यांचा तो ग्रंथसंग्रह पुढे बहुधा रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांत विखुरला गेला असावा, असे मान्झोनी जाता जाता सांगतो.