दुसऱ्या टीव्हीवर एचडी (पांढुर्णा–सौंसर)

दुसऱ्या टीव्हीवर एचडी : घरात एका संचावर दिसणारे हाय डेफिनिशन चित्र दुसऱ्या खोलीतल्या संचावर त्याच दर्जाने आणण्याची जोडणी. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर या संत्र्या-कापसाच्या पट्ट्यात या जोडणीला भाषेचेही कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा भाग मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तोही त्याच राज्यात. घरात मराठी, कचेरीत हिंदी. बैठकीत क्रिकेट चालू असताना आतल्या खोलीत मराठी मालिका हवीच असते. म्हणून तार ओढण्याआधी एवढे ठरवून घ्यावे : दोन्हीकडे एकच वाहिनी चालेल की वेगवेगळी हवी?

जुन्या केबलच्या काळात हे ठरवावे लागत नसे. तारेतून सगळ्या वाहिन्या एकदमच येत, टीव्ही आपापली निवडत असे. दहावीस रुपयांचा स्प्लिटर लावला की तिसऱ्या खोलीतही चित्र. केबलच्या डिजिटलीकरणाचा चौथा टप्पा मार्च २०१७ अखेर संपला आणि वाहिनी निवडण्याचे काम सेट टॉप बॉक्सकडे गेले. लोकांची सवय मात्र स्प्लिटरचीच राहिली. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे आहे.

एकच वाहिनी चालत असेल तर बॉक्सच्या एचडीएमआय तोंडाला एचडीएमआय स्प्लिटर लावून दोन तारा काढतात. साधी तार दहा-पंधरा मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे कॅट-६ तारेवर चालणारा एक्स्टेंडर लागतो. एक टीव्ही फुल एचडी आणि दुसरा जुना एचडी-रेडी असेल तर बॉक्स अनेकदा दोघांनाही कमी दर्जाचे चित्र देतो. रिमोटचा किरण भिंतीपार जात नाही, तेव्हा वाहिनी बदलायला बैठकीतच यावे लागते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी तार ओढून भागवणारेही आहेत. चित्र येते, पण पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींचेच. १०८० ओळींच्या एचडीचे पैसे भरून एसडी पाहायचे.

वेगवेगळ्या वाहिन्यांसाठी दुसरा एचडी बॉक्स हवाच. डीटीएच असेल तर छत्री (डिश) मात्र तीच चालते, फक्त तिच्यावरचा एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारा भाग, दोन तोंडांचा असावा आणि प्रत्येक बॉक्सला स्वतःची आरजी-६ तार असावी. छत्रीवर येणाऱ्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांच्या असतात. बॉक्स त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला कोणती घ्यायची ते सांगतो. एका तारेवर स्प्लिटरने दोन बॉक्स बसवले की दोन हुकूम एकदम जातात, आणि १८ व्होल्टवाल्याचे चालते. खाली कोणी वाहिनी बदलली की वरच्या खोलीतले चित्र जाते, ते यामुळे. बिघाड ना बॉक्समध्ये असतो ना आभाळात.

छत्रीची दिशाही इथली वेगळी सांगता येते. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला, म्हणजे पांढुर्ण्याहून जवळजवळ दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६४ अंशांवर. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, आग्नेयेला, साधारण ६० अंश उंचीवर. तिरक्या बनावटीमुळे छत्री प्रत्यक्षात याहून बरीच उभी दिसते; डोळ्याने अंदाज घेऊन तिला आभाळाकडे वळवणारा हमखास फसतो.

फ्री डिशला मासिक भाडे नाही, दुसरा बॉक्स एकदाच घ्यायचा. पण तिथल्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत, आणि जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एचडी उमटतच नाही. सशुल्क डीटीएचवर दुसऱ्या टीव्हीचे नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच घ्यावे, असे दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २०२० मध्ये ठरवले होते. २०२४ मध्ये नेटवर्क शुल्काच्या मर्यादा उठल्या, तेव्हा दर विचारूनच घ्यावा. हिंदी पॅकमध्ये मराठी एचडी वाहिन्या असतीलच असे नाही. त्या दुसऱ्या बॉक्सवर नावानिशी मागाव्या लागतात. तिसरी वाट इंटरनेटची : स्मार्ट टीव्ही असेल आणि त्या खोलीत ५ एमबीपीएस टिकत असेल, तर छतावर चढायचेच काम नाही.

पोळा आणि दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्यातली जाम नदीवरची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, भर पावसाळ्यात येतात. छत्रीवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी जोराच्या सरीत क्षीण होतात. तेवढे चित्र सर ओसरली की परतते. ऊन पडल्यावरही परतले नाही तर तारेच्या टोकाचा एफ-कनेक्टर उघडून पाहावा. मधली तांब्याची काडी हिरवी-काळी पडलेली असते, किंवा जाळीचा केसाएवढा तंतू तिला टेकलेला असतो. टोक कापून नवा कनेक्टर बसवावा, आणि तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते.