ठिणगी कुठे गेली?

खंबाटकी घाटाच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, मित्राने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने उचकी लागल्यासारखे तीन-चार झटके दिले. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पाय उचलला की गाडी शहाण्यासारखी चालायची, दाबला की पुन्हा तेच. छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, दोन महिन्यांपूर्वी ‘रिमॅप’ करून घेतलेली. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली आकडेमोड बदलून टर्बोला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त हवा कोंबायला लावलेली. (असले बदल कायद्यात आणि वॉरंटीत कितपत बसतात हा विषय मी त्या रात्री मुद्दामच काढला नाही.)

गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल आलं, दाबलं गेलं, पण पेटलंच नाही. पुढचे तीन आठवडे मित्राने त्या न पेटलेल्या पेट्रोलचा पाठलाग केला. स्कॅनरने कोड दाखवला ‘पी ०३०२’, म्हणजे दुसरा सिलिंडर. तिथली कॉइल बदलली. चार दिवसांनी ‘पी ०३०३’. तिसरी कॉइल बदलली. मग इंजेक्टर साफ झाले, मग पेट्रोलपंपावर संशय घेऊन झाला, आणि शेवटी एका गॅरेजने हेड उघडायला लागेल असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून तो गप्प झाला. गाडीचे हप्ते अजून चालू होते.

मी मेकॅनिक नाही. मला फक्त जुन्या गोष्टी वाचायची खोड आहे, आणि कुठलीही वस्तू बिघडली की हे याआधी कुणाकुणाचं बिघडलं होतं हे शोधावंसं वाटतं. या बाबतीत उत्तर असं निघालं की इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं, गेली शंभर वर्षं.

गोष्टीची सुरुवात मात्र मोटारीपासून लांब होते. १८८९ साली फ्रिडरिश पाशेन नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. हे काम त्याने स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी केलं होतं. प्रश्न साधा होता. दोन धातूंच्या टोकांमध्ये फट आहे, मध्ये वायू आहे, तर ठिणगी पलीकडे उडी मारायला किती व्होल्टेज लागेल? त्याने हवा, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरून, फट कमी-जास्त करून, दाब कमी-जास्त करून मोजमापं घेतली. निष्कर्ष असा की फट एकटी महत्त्वाची नाही आणि दाबही एकटा महत्त्वाचा नाही, महत्त्वाचा आहे तो दोघांचा गुणाकार. दाब दुप्पट केलात तर ठिणगीच्या दृष्टीने तुम्ही फटच दुप्पट केलीत.

मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात. तीच हवा दहापट घट्ट झाली की एक मिलिमीटरची फट एक सेंटिमीटरसारखी वागायला लागते. इंजिनाच्या प्लगला नेमकी अशाच दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायची असते. सहा हजार आरपीएमला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा, आणि प्रत्येक वेळी न चुकता.

पाशेनच्या डोक्यात मोटारी नसणार. कार्ल बेंझचं पेटंट तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं, आणि स्वतः बेंझला सगळ्यात जास्त छळलं होतं ते ठिणगीनेच. तो प्रश्न बऱ्यापैकी सुटला १९०२ साली, जेव्हा बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला चालणारा स्पार्क प्लग बनवला. लगेच तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनीअरने एक पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंनी चाक फिरवायचं आणि त्या चाकाच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा ढकलायची, ही त्याची कल्पना. आजच्या टर्बोची वंशावळ तिथे सुरू होते. भांडणातले दोन्ही पक्ष असे तीन वर्षांच्या अंतराने जन्माला आले.

पहिली गाजलेली चाचणी झाली १९१८ मध्ये. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं हे इंजिन विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ३५६. डोंगरमाथ्यावर बसून समुद्रकिनाऱ्याची हवा खाल्ल्यासारखं!

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत विमानं त्याहून कितीतरी वर गेली, आणि तिथे पाशेन दोन्ही बाजूंनी भेटला. सिलिंडरच्या आत टर्बोमुळे हवा घट्ट, म्हणून ठिणगीला प्लगची फट ओलांडणं जड. इंजिनाच्या बाहेर, जिथे मॅग्नेटो आणि वायरी होत्या, तिथे आकाशातली विरळ हवा, म्हणून तिथे उडी मारणं सोपं. वीजही पाण्यासारखी उतार शोधते. प्लगपर्यंत जाऊन कष्टाने उडी मारण्यापेक्षा ती मॅग्नेटोच्या आतच भलत्या ठिकाणी उडायची आणि इंजिन उंचीवर मिसिंग मारायचं. जमिनीवर उतरवून तपासलं तर सगळं ठणठणीत! दुसऱ्या महायुद्धात थंडरबोल्टसारख्या टर्बोवाल्या विमानांना या दुखण्याने बेजार केलं. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. मॅग्नेटो हवाबंद करून त्याच्या आतही दाबाने हवा भरायची. सिलिंडरमध्ये ठिणगीच्या वाटेत येणारी तीच घट्ट हवा इथे तिला भलतीकडे जाण्यापासून अडवते.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पण माझी गाडी विमान नाही रे.” खरं आहे. पण लक्षणं बघा. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना काहीही नाही. टर्बो पूर्ण जोरात आला की झटके. आणि सिलिंडरचा नंबर बदलता.

आता निदानाकडे येऊ. मिसिंग शोधण्याचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे कान. इंजिन चालू ठेवायचं, एकेका प्लगची वायर काढायची. आवाज बदलला, इंजिन लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. वायर काढूनही काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. दुसरी युक्ती रात्रीची. अंधारात बॉनेट उघडायचं आणि बघत राहायचं. वायर कुठे फुटली असेल तर निळी ठिणगी तिथून बॉडीकडे उडताना डोळ्यांना दिसते. जुने मेस्त्री प्लग काढून उन्हात धरायचे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर गरम, कॉफीच्या रंगाचा असेल तर बरा.

चार सिलिंडरांपर्यंत हे ठीक. अमेरिकेच्या बी-३६ बॉम्बर विमानाला सहा टर्बोवाली पिस्टन इंजिनं होती, प्रत्येकात २८ सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. म्हणजे ३३६ प्लग, तेही शिसं मिसळलेल्या पेट्रोलवर. ते शिसं प्लगच्या टोकाशी साचून ठिणगी खायचं. इथे कान काय करणार! याच सुमाराला आपल्याकडेही, १९५४ पासून, एअर इंडिया इंटरनॅशनलची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं मुंबईहून उडत होती. त्यांच्या चार इंजिनांचे मिळून १४४ प्लग, आणि तिथेही धुराड्यातल्या वायूंवर फिरणारी टर्बाइनं होती, फक्त ती हवा कोंबण्याऐवजी इंजिनाच्या शाफ्टलाच जोर द्यायची.

या जंजाळासाठी स्पेरी आणि बेंडिक्ससारख्या कंपन्यांनी इंजिन ॲनालायझर काढले. फ्लाइट इंजिनीअरसमोर छोटा गोल पडदा, आणि बटण फिरवून इंजिन आणि सिलिंडर निवडला की त्या प्लगच्या विजेची हिरवी लाट समोर. प्लग शॉर्ट झाला असेल तर लाटेचा आकार वेगळा, वायर तुटली असेल तर वेगळा, फट जास्त झाली असेल तर आणखी वेगळा. उड्डाणातच कळायचं की उतरल्यावर कुठला प्लग बदलायचा आहे आणि कशासाठी.

‘कशासाठी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. पुढे हाच ऑसिलोस्कोप परदेशातल्या मोठ्या गॅरेजांत आला. तिथल्या पडद्यावर प्रत्येक सिलिंडरची एक उभी रेघ दिसायची. तिची उंची म्हणजे ठिणगीला उडी मारायला लागलेलं व्होल्टेज. एक रेघ बाकीच्यांपेक्षा उंच दिसली की अनुभवी माणूस म्हणायचा, तिथे फट वाढलीय. पाशेनचा नियम ठाऊक नसतानाही तो रोज डोळ्यांनी बघत होता.

मग प्रत्येक प्लगवर थेट बसणारी कॉइल आली, वायरी गेल्या, आणि बहुतेक गॅरेजांतून तो पडदाही गेला. या वळणावर स्वीडनच्या साबचं नाव घ्यायलाच हवं. १९७७ मध्ये ९९ टर्बो दाखवून त्यांनी टर्बोला रोजच्या वापराच्या गाडीत माणसाळवलं, आणि पुढे त्यांच्या ट्रायॉनिक यंत्रणेने प्लगलाच हेर केलं. ठिणगी पडून गेल्यावर त्याच फटीत थोडं व्होल्टेज ठेवायचं. मिश्रण पेटलं असेल तर ज्वाळेतल्या विद्युतभारित कणांमधून किंचित प्रवाह वाहतो. पेटलं नसेल तर नाही. हुशार, पण महागडी पद्धत.

जगभर रुळली ती स्वस्त पद्धत. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ओबीडी-२ सक्तीचं झालं, म्हणजे गाडीने स्वतःचं मिसिंग स्वतःच ओळखायचं. त्यासाठी बहुतेक कंपन्यांनी क्रँकशाफ्टच्या दातेरी चाकाचा वेग मोजला. सिलिंडर पेटला की शाफ्टला किंचित धक्का बसतो, नाही पेटला की शाफ्ट किंचित मागे पडतो. वायर काढून ‘लंगडतंय का’ ऐकणाऱ्या मेस्त्रीचंच हे इलेक्ट्रॉनिक रूप. त्याचे गोंधळही मजेशीर आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणारे झटके शाफ्टपर्यंत पोचतात आणि मिसिंग नसताना तसा भास होऊ शकतो. म्हणून काही गाड्यांत रस्ता खराब आहे असं वाटलं की ही तपासणी तात्पुरती बंद ठेवायची सोय असते. आपल्या काही राज्यमार्गांवर ती बिचारी सतत रजेवर असणार.

पण ही पद्धत फक्त ‘कोण’ ते सांगते. ‘का’ ते सांगत नाही. आणि ‘का’ माहीत नसेल तर मिसिंग एकामागून एक खोटे साक्षीदार उभे करतं. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, तिथला सेन्सर म्हणतो हवा जास्त आहे, पेट्रोल वाढवा. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. प्लग काळे पडतात. ते बघून माणूस म्हणतो, पेट्रोल जास्त जातंय, इंजेक्टर बघा. दरम्यान न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि ते महागडं भांडं आतून वितळू शकतं. पिवळा दिवा नुसता न पेटता लुकलुकतो तो ह्याच भीतीने. मित्र तशीच गाडी साताऱ्यापर्यंत घेऊन गेला होता.

मग कॉइलचं काय? त्या खरंच मेल्या होत्या. पण फट ओलांडता न आलेली वीज कुठेतरी जाणारच, आणि ती कॉइलच्याच इन्सुलेशनमधून वाट पाडते. आरोपी म्हणून ज्यांना फेकलं, त्या बळी होत्या.

तेव्हा आम्ही दोन गोष्टी केल्या. आधी मूळ मॅप परत टाकला, आणि घाटात एकही झटका नाही. मग प्लग बाहेर काढले. चाळीस हजार किलोमीटर चाललेले, टोकं झिजलेली. फिलर गेज लावला तर फट १ मिलिमीटरच्या आसपास. दोन प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बाहेरून, वरपासून खालपर्यंत, पेन्सिलने काढावी तशी बारीक काळी रेघ होती. थंडरबोल्टच्या मॅग्नेटोत व्हायचं ते इथे प्लगच्या अंगावर झालं होतं.

नवे प्लग, थोडे ‘थंड’ प्रकारचे, फट ०.७. फरक कागदाच्या तीन पानांएवढा. फट अजून कमी का नाही करत, असं मित्राने विचारलं. कारण फार छोट्या फटीत ज्वाळेचं बीही छोटं राहतं, आणि मग सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरतं. कंपन्या फट मोठी ठेवतात ती उगाच नाही. जास्त बूस्ट हवा असेल तर काहीतरी सोडावं लागतं.

रिमॅप पुन्हा टाकून आम्ही खंबाटकी चढलो. दिवा लागला नाही. वर पोचल्यावर मित्राने डिकी उघडून त्या दोन जुन्या कॉइल दाखवल्या. फेकायला मन होत नाही म्हणाला, एकेकीला साडेतीन हजार मोजलेत.