निफाडची थंडी आणि "गाडी ओके आहे"

मंडळी, आमच्या धंद्यात एक वाक्य फार बदनाम आहे. टेस्टर बग टाकतो, डेव्हलपर दोन मिनिटं कोड चालवून बघतो आणि म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" झालं, बग क्लोज. मी स्वतः हे वाक्य किती वेळा म्हटलंय त्याची मोजदाद नाही. पण या वाक्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला निफाडच्या मामांमुळे कळलं.

मामांनी २०१७ च्या दसऱ्याला एक छोटी एसयूव्ही घेतली, डिझेल. बाग चांगली पिकली होती, आजीला नाशिकला डॉक्टरांकडे न्यायला बरी गाडी हवी होती. (कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे ज्या कंपन्यांची नावं येतील त्यांतली ती नाही, एवढं सांगतो.) दिवाळीपर्यंत सगळं छान. मग डिसेंबर आला. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचली असेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे मामांची गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरतोय, मागून पांढरा धूर येतोय, आणि शेवटी बॅटरी मान टाकते.

उन्हं वर आली की गाडी अगदी शहाण्यासारखी सुरू. मामा पस्तीसेक किलोमीटर चालवून ती नाशिकला सर्व्हिस सेंटरला नेणार, तिथे अकरा वाजता गरम इंजिनावर पहिल्या झटक्यात सुरू. जॉबकार्डवर शेरा : "चेक केले, गाडी ओके." असं तीनदा झालं.

जानेवारीत एका पहाटे साडेचारला आजीला धाप लागली. गाडी सुरू झाली नाही. शेजाऱ्यांनी पिकअपमधले द्राक्षांचे क्रेट उतरवले आणि आजीला नेलं. आजी बरी झाली, पण मामांनी मला फोनवर जे विचारलं ते डोक्यातून जाईना. "गाडी ओके आहे म्हणतात रे. मग खोटं मी बोलतोय का?"

त्या वीकेंडला मी दोन गोष्टी वाचत बसलो : डिझेल इंजिन आणि तक्रारीचा इतिहास. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा रंजक निघाली, म्हणून हा लेख.

इतिहासाची सुरुवातही निफाडलाच होते, हा योगायोग. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म इथलाच, १८ जानेवारी १८४२ चा. शाळेत आपण त्यांना समाजसुधारक म्हणून पाठ केलं. पण १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आल्यावर ते ज्या संस्थेचा मेंदू बनले, ती पुणे सार्वजनिक सभा म्हणजे तक्रार करण्याचं एक यंत्रच होतं. सभा स्थापन झाली २ एप्रिल १८७० ला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', हे त्यात पुढे होते. आणि मूळ कारण काय? तर पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलची लोकांची गाऱ्हाणी! सुरुवात इतकी स्थानिक होती.

मला थक्क केलं ते सभेच्या नियमानं. सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे तुम्ही सरकारपुढे उभे राहिलात की "मला वाटतं" असं म्हणणार नाही, "आम्हा पन्नास जणांना असं वाटतं" असं म्हणणार. सुरुवातीला ९५ सभासद आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर सह्या होत्या. पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेनं जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारला पाठवली. नुसती दाद मागून त्यांचं भागत नव्हतं. गाव कोणतं, पीक किती, मजुरी किती, हे सगळं कागदावर. आजच्या भाषेत बोलायचं तर बग रिपोर्ट, आणि तोही व्यवस्थित भरलेला!

सामान्य गिऱ्हाइकाला मात्र असं यंत्र मिळायला आणखी शंभर वर्षं लागली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. टंचाईचा काळ होता. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा आणि मिळेल ती निमूट घरी आणायची. अशा काळात "गिऱ्हाइकाला हक्क असतात" हे म्हणणंच धाडसाचं होतं. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. (म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन असतो.) वकिलाशिवाय जिल्ह्याच्या मंचासमोर जाता येऊ लागलं. वस्तूतला दोष नुसता बघून कळत नसेल तर ती प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तरतूदही कायद्यात आली. वाचायला छान आहे. पण पहाटे पाचला पाच अंशांत असणारा आणि अकराला नसणारा दोष प्रयोगशाळेत कसा न्यायचा?

गाड्यांच्या बाबतीत आणखी एक मेख होती. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मारुतीच्या एका खटल्यात सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं लिहिलंय, अख्खी गाडी नाही. त्यामुळे "नवी गाडी द्या" म्हणणाऱ्याला आधी दोष नेमका कुठल्या भागात आहे ते दाखवणं आलं. आणि ते दाखवणार कोण? ज्याला बॉनेट उघडल्यावर पाण्याची टाकी तेवढी ओळखता येते, तो!

गंमत म्हणजे ज्या छोट्या एसयूव्हीबद्दल आपण बोलतोय तिचा पायाही २००६ मध्येच घातला गेला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. म्हणजे गाडीची लांबी दिल्लीच्या अर्थखात्यानं ठरवली. पुढे महिंद्राची क्वांटो (२०१२), फोर्डची इकोस्पोर्ट (२०१३), मारुतीची ब्रेझा (२०१६) या चार मीटरच्या आतल्याच. मामांसारखे हजारो लोक पहिल्यांदाच 'मोठी दिसणारी' गाडी घेऊ लागले.

२०१२ च्या जुलैमध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेनं, सियामनं, सदोष गाड्या स्वतःहून परत बोलावण्याची आचारसंहिता आणली. ऐच्छिक, हे लक्षात घ्या. ती चाळताना मला एक जुनी बातमी सापडली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. २०१३ मध्ये फोर्ड इंडियानं इकोस्पोर्टच्या ९७२ डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि बदलायचं होतं ग्लो प्लगचं कंट्रोल मॉड्यूल.

आता थोडं इंजिन. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटतं. पण इंजिनाचा लोखंडी ठोकळा गारठलेला असला की ती उष्णता तोच पिऊन टाकतो. म्हणून सुरू करण्याआधी ग्लो प्लग नावाची तापणारी कांडी आतली हवा गरम करते. तिला वीज कधी आणि किती द्यायची ते ठरवतं हे मॉड्यूल. ते बिघडलं तर उन्हाळ्यात काही कळतही नाही. निफाडच्या जानेवारीत मात्र लगेच कळतं!

मी मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, भांडू नका. एक वही करा." रोजची तारीख, वेळ, पेपरात आलेला कुंदेवाडीचा पारा, किती वेळा स्टार्टर मारला, धूर कसला, सुरू झाली की नाही. मामा हसले, "ही तर औषध फवारणीच्या नोंदीसारखीच झाली." द्राक्ष निर्यात करणाऱ्याला वही ठेवायला शिकवावं लागत नाही. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. सात अंशांच्या वर एकदाही त्रास नाही, पाचच्या खाली प्रत्येक वेळी. वही बघून सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर पहिल्यांदा खुर्चीवरून उठला. एक तरुण मेकॅनिक रात्री मामांकडे मुक्कामाला आला, पहाटे साडेपाचला चहा पिऊन त्यानं चावी फिरवली आणि गाडीनं मामांची लाज राखली : सुरू झाली नाही. मॉड्यूल वॉरंटीत बदलून मिळालं. त्यानंतर आजतागायत तो त्रास नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण नंतरच्या काही घटनांनी ती पुन्हा आठवत राहिली. २०२१ च्या जुलैमध्ये महिंद्रानं नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेहून थोड्या कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारखान्यात एका विशिष्ट दिवशी आलेलं इंधन दूषित होतं, त्यानं इंजिनाचे भाग लवकर झिजतील अशी शंका होती. २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या गाड्यांपुरतीच ती मोहीम होती. इतकं नेमकं सांगता आलं, कारण कारखान्यात प्रत्येक गोष्टीची तारीख लिहिलेली असते. वही असते. मालकाकडे असते फक्त आठवण, आणि "गाडी ओके" लिहिलेली तीन जॉबकार्डं.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून सक्तीनं गाड्या परत बोलावण्याचे नियमही लागू झाले. दोष सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला बाधक हवा आणि गाडी सात वर्षांच्या आतली हवी. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या कार किंवा एसयूव्हीसाठी तक्रारींचा आकडा ठरला १,२५०. वाचल्याबरोबर मला सार्वजनिक सभेच्या पन्नास सह्या आठवल्या. कल्पना तीच, आकडा वाढला. फरक इतकाच, की १८७० मध्ये सह्या गोळा करणारा माणूस दारोदार फिरत होता. निफाडच्या माणसानं उरलेले १,२४९ जण कुठून शोधायचे?

एक बरी बातमीही आहे. ह्युंदाईच्या क्रेटाच्या एका मालकाच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि बल मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशा आशयाचं न्यायालय बोललं. शिवाय २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. निफाडकराला नाशिक पुरेसं आहे.

पण माझं मत विचाराल तर कायद्याच्या आधी वहीच. एकट्या माणसाच्या तक्रारीला समोरचा रडगाणं म्हणतो. तारीख, वेळ आणि तापमान लिहिलं की तोच माणूस खुर्चीवरून उठतो. आणि शेजारच्या गावातल्या आणखी दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की मग रानड्यांच्या गावाला शोभेल असं काहीतरी सुरू होतं. मामांची वही त्यांच्या गाडीपुरती होती. त्याच थंडीत दुसऱ्या कोणाच्या आजीला धाप लागली असेल आणि दाराशी पिकअप नसेल, तर त्याची नोंद कुठेच नाही. हे मला अजून खुपतं.

असो. शुक्रवारी एका टेस्टरनं माझ्या नावावर एक बग टाकलाय, "कधी कधी येतो" एवढंच लिहून. मी तो क्लोज करणार होतो. केला नाही. सोमवारी तिच्या शेजारी बसून विचारणार आहे, नेमका कधी?